विजेची चाळ घाटघरला

कांद्याचा भाव पडला की नगरचा शेतकरी माल चाळीत भरतो. दोन महिने, चार महिने, कधी पार दिवाळीपर्यंत वाट बघतो. थोडा सडतो, थोडा वाळून वजनाला कमी भरतो, पण बाजार चढला की घट भरून निघते. विजेचं असं करता येत नाही. राहाता तालुक्यातल्या बाभळेश्वरच्या ४०० केव्ही उपकेंद्रातून या घटकेला जेवढी वीज पुढे जाते, तेवढी याच घटकेला कुठेतरी तयार होत असते. चंद्रपूरला कोळसा जळत असतो, कोयनेला पाणी पडत असतं, पारनेरच्या माळावर पातं फिरत असतं. मागणी वाढली आणि निर्मिती मागे राहिली, तर देशभरच्या जाळ्याची सेकंदाला ५० आवर्तनांची लय मंदावायला लागते. तिला ४९.९० ते ५०.०५ एवढ्याच पट्ट्यात खेळायची मुभा असते. ती फार घसरली तर यंत्रं आपला जीव वाचवायला एकेक करून बाजूला होतात आणि अंधार पडतो.

म्हणून ऊर्जासुरक्षा म्हटलं की आपण कोळशाच्या वाघिणी आणि तेलाची जहाजं मोजतो, पण खरा पेच वेळेचा असतो. वीज किती आहे यापेक्षा ती कधी आहे, हे महत्त्वाचं. या ‘कधी’वर जगात एक जुनं, खात्रीचं उत्तर आहे आणि त्याचा एक नमुना आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, २००८ पासून चालू आहे. घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प. क्षमता २५० मेगावॉट. पैसा बऱ्याच अंशी जपानी. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण घाटघरचं नाव जिल्ह्यात पावसाळी सहलीपलीकडे फारसं कुणी घेत नाही.

राजूर सोडून शेंडीला आलं की भंडारदऱ्याचं विल्सन धरण लागतं. १९२६ साली पुरं झालेलं, सुमारे ११ टीएमसीचं. तिथून जलाशयाच्या कडेने रस्ता उडदावण्यावरून घाटघरला जातो. समोर रतनगड, पलीकडे प्रवरेचा उगम. इथे पाऊस इतका की वर्तमानपत्रं दर जुलैत ‘जिल्ह्याचं चेरापुंजी’ असा मथळा काढतात. त्याच वेळी कर्जत-जामखेडला लोक आभाळाकडे बघत असतात. आणि मग एकदम जमीन संपते. कोकणकड्यावर उभं राहिलं की खाली ठाणे जिल्ह्याचा शहापूर तालुका दिसतो. सरळ रेषेत थोडंसंच अंतर, पण उंचीतला फरक चारशे मीटरच्या वर.

या फरकावरच सगळा खेळ आहे. कड्याच्या वर एक छोटं धरण, कड्याच्या खाली चोंढे गावाजवळ एक मोठं. वरचं धरण बघायला हौसेने गेलेला माणूस हिरमुसतो. भिंत जेमतेम पंधरा मीटर उंच. आपल्याकडचा एखादा पाझर तलाव याहून भारदस्त वाटावा. खालचं मात्र ऐंशी मीटरच्या वर आहे. दोहोंच्या मधे, डोंगराच्या पोटात, वीजघर आणि त्यात १२५ मेगावॉटचे दोन संच. यांचं वैशिष्ट्य म्हणजे ते दोन्ही बाजूंनी फिरतात. वरून पाणी सोडलं की तेच चक्र टर्बाइन होतं आणि वीज देतं. उलटं फिरवलं की तेच पंप होतं, जाळ्यातली वीज खातं आणि खालचं पाणी वर चढवतं. हेच उदंचन.

हिशेब वहीच्या एका पानावर मावतो. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार लिटर, वजन हजार किलो. ते चारशे मीटर खाली आलं की सुमारे ३९ लाख ज्यूल ऊर्जा सुटते. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. वाटेतली गळती धरली तर हजार लिटरला साधारण एक युनिट. उन्हाळ्यात पाथर्डीच्या वाडीवर जो दहा हजार लिटरचा टँकर येतो, तो घाटघरच्या कड्यावरून खाली ओतला तर दहा युनिट वीज मिळेल. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराला दहा टँकर. दोन्ही संच पूर्ण भाराने चालायचे तर सेकंदाला सत्तर घनमीटर, म्हणजे दर सेकंदाला सात टँकर. असं सहा तास चालवलं की पंधरा लाख युनिट वीज आणि पंधरा लाख घनमीटर पाणी. ऐकायला प्रचंड वाटतं, पण भंडारदऱ्याच्या साठ्याच्या मानाने हे अर्धा टक्का भरतं.

तेच पाणी परत वर चढवायला मात्र पंधरा नव्हे, एकोणीस-वीस लाख युनिट लागतात. म्हणजे घाटघर वीज तयार करत नाही. ते वीज घालवतं! कागदावर बघितलं तर हा तोट्याचा धंदा आहे आणि कुणी तसं म्हटलं की अभियंते वैतागतात. पण चाळीतला कांदाही वजनाने कमीच भरतो. कुणाला नको असलेली वीज चार-पाच लाख युनिटांची घट सोसून सगळ्यांना हवी असलेल्या वेळी बाजारात आणायची, एवढंच घाटघरचं काम.

आता जपानकडे वळू. राज्यघटनेच्या २९३ व्या कलमानुसार राज्य सरकारला कर्ज काढता येतं, पण भारताच्या हद्दीतच. परदेशी सरकारपुढे हात पसरायचा अधिकार फक्त केंद्राला. त्यामुळे अकोल्याच्या डोंगरातल्या कामाचा करार झाला दिल्ली आणि टोकियो यांच्यात. १९८८ साली जपानच्या सरकारी परदेशी आर्थिक सहकार्य निधीने घाटघरसाठी अकराशे कोटी येनांवर कर्ज मंजूर केलं. पैसे दिल्लीच्या खाती, काम महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याचं, जमीन नगर आणि ठाण्याची.

जपानलाच यात रस का? त्या देशात सांगण्याजोगं तेल नाही, कोळसा नाही. १९७३ च्या तेलसंकटाने त्याची झोप उडवली आणि त्याने अणुवीज धरली. अणुभट्टी रात्री बंद करून सकाळी चालू करता येत नाही. ती अखंड चालते. मग रात्रीच्या उरलेल्या विजेचं काय करायचं? डोंगर भरपूर होते, तिथे त्यांनी वर-खाली तळी बांधली. आज जपानची ही क्षमता सुमारे २७ हजार मेगावॉट आहे. ओकिनावा बेटावर तर त्यांनी चक्क समुद्रालाच खालचं तळं मानून १९९९ मध्ये तीस मेगावॉटचं केंद्र चालवलं. ते पुढे २०१६ साली मोडीत काढलं. सारांश, हे तंत्र त्यांच्या हाडामासाचं होतं. मदत करणाऱ्या देशाला आपलं ज्ञान आणि आपल्या कंपन्यांची यंत्रं खपवायची असतात, यात लपवण्यासारखं काही नाही. भारतात श्रीशैलम डावा तीर आणि बंगालमधलं पुरुलिया ही ९००-९०० मेगावॉटची दोन मोठी उदंचन केंद्रंही जपानी कर्जातूनच उभी राहिली. घाटघर त्यांचं धाकटं भावंड.

याच काळात दुसऱ्या एका प्रकल्पावर जपानचे हात पोळत होते. सरदार सरोवराच्या नदीपात्रातल्या वीजघराची दोनशे-दोनशे मेगावॉटच्या सहा यंत्रांपैकी काही जपानमधून यायची होती, तीही दोन्ही बाजूंनी फिरणारी. नर्मदेच्या खोऱ्यातलं आंदोलन टोकियोपर्यंत पोचलं आणि १९९० मध्ये जपानने पुढचा पैसा थांबवला. धरण झालं, यंत्रं बसली. पण खालच्या बाजूला पाणी अडवून धरणारा गरुडेश्वरचा बंधारा वेळेवर नसल्याने ती यंत्रं वर्षानुवर्षं एकाच बाजूला फिरली. नर्मदेच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के, मध्य प्रदेशाचा ५७, गुजरातचा १६. हा वाटा १९७९ मध्ये नर्मदा लवादाने ठरवून दिला. म्हणजे चाळ बांधली, वाटण्याही झाल्या, आणि चाळीला दारच बसवलं नाही.

घाटघरचं दार बसलं, पण करारापासून वीज यायला वीस वर्षं लागली. १९८६ मध्येच या परिसरात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालेलं. जमीन दोन जिल्ह्यांतली, त्यामुळे दोन जिल्हाधिकारी, दोन भूसंपादनं; शिवाय वनखात्याची संमती, कर्ज देणाऱ्याच्या नियमांनी काढायच्या निविदा, डोंगरात बोगदे. त्यात इथला पाऊस असा की जूनला काम थांबतं ते ऑक्टोबरातच हाती येतं. म्हणून धरणांसाठी भारतात तोवर न वापरलेलं तंत्र घेतलं. रोलरने दाबलेलं काँक्रीट. सिमेंटमध्ये औष्णिक केंद्रातली राख मोठ्या प्रमाणात मिसळायची, पाणी अगदी कमी घालायचं, थर पसरायचा आणि रस्ता करतात तसा रोलर फिरवायचा. थरावर थर चढत जातात. साचे लावून काँक्रीट सुकायची वाट बघत बसावं लागत नाही. आपल्या देशातली अशा पद्धतीची पहिली धरणं घाटघरची. नगर जिल्ह्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलांना हे ठाऊक असतं का, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

वीस वर्षांत दोन्ही बाजूंच्या पाट्याही बदलल्या. जपानचा तो निधी १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय सहकार्य बँकेत विलीन झाला आणि २००८ मध्ये ही कर्जं ‘जायका’ या जपानी सरकारी संस्थेकडे गेली. इकडे जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण झाल्या. बांधणारं जलसंपदा खातं, चालवणारी महानिर्मिती.

आणि येन? १९८८ मध्ये शंभर येनाला साधारण अकरा रुपये पडत. २००८ मध्ये चाळीसच्या वर. व्याज नाममात्र, मुदत लांब, असं परदेशी सरकारी कर्ज फार स्वस्त वाटतं. पण फेडायचं त्यांच्या चलनात असेल तर ही चौपट आधी मनात धरलेली बरी. २००५ पर्यंत हा चलनाचा धोका केंद्र सरकार स्वतः उचलत असे आणि राज्याला रुपयांत पैसे देत असे. बाराव्या वित्त आयोगानंतर परदेशी कर्ज जसंच्या तसं राज्याच्या माथी द्यायची पद्धत आली. दोन देशांचे मंत्री हस्तांदोलन करतानाचा फोटो छापून येतो तेव्हा हा तपशील बातमीत सहसा नसतो.

घाटघर आखलं तेव्हाचं घड्याळ असं होतं: रात्री अकरानंतर कारखाने आणि घरं निवतात, पण कोळशाचे संच एकदम विझवता येत नाहीत, म्हणून त्या विजेवर रात्री पाणी वर चढवायचं, सकाळ-संध्याकाळ मागणी चढली की खाली सोडायचं. आता ते घड्याळ उलटं फिरलंय. आणि त्याची सुरुवातही, योगायोगाने म्हणा, नगर जिल्ह्यातच झाली.

राहुरी-नेवासा पट्ट्यातल्या ऊसवाल्याला विचारा, वीज कधी येते. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला जायचं. पायाखाली साप, उसात बिबट्या. मोटार चालू करायला ऑटो स्विच लावला तर लाईट येताच सगळ्या शिवाराच्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी जळतो. मग आठवडाभर पाणीच नाही. दिवसा वीज द्या ही मागणी म्हणून इथे चैनीची नाही. वीजखात्याची अडचणही खरी होती: राज्यातल्या एकूण विजेचा फार मोठा घास शेतीपंप घेतात, तो सगळा दिवसाच्या मागणीवर चढवला तर जाळं कोसळेल. सूर्याने ही गाठ सोडवली. सौर वीज येते तीच मुळी दिवसा. मग गावाच्या उपकेंद्राजवळ सौर पॅनल लावायचे आणि ती वीज शेतीच्या फीडरवर तिथल्या तिथे सोडायची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची ही कल्पना. २०१७ मध्ये तिच्या पहिल्या दोन गावांपैकी एक पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी होतं, दुसरं यवतमाळातलं कोळंबी. राळेगणचा प्रकल्प दोन मेगावॉटचा, म्हणजे घाटघरच्या एका संचाच्या साठाव्या हिश्शाइतका. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली आणि मेगावॉट हजारांत मोजले जाऊ लागले. तिच्यातला पहिला पुरा झालेला प्रकल्प आपल्या शेजारच्या वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा, २०२४ मधला. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी तीन टक्के वाढ, असा दर ठरला. पडीक माळाला हा भाव वाईट नाही. गायरानावर पॅनल आले की मात्र मेंढपाळांचा प्रश्न उभा राहतो, आणि नगरच्या दक्षिण तालुक्यांत तो लहान नाही.

यात दिल्ली आणि मुंबई या दोन सरकारांचा व्यवहार आहेच. केंद्राच्या कुसुम योजनेतून भांडवलाचा तीस टक्के भार हलका होतो. पण पैशाचे आणखीही झरे आहेत. राज्याच्या सौर कृषिपंपांसाठी आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेचं कर्ज घेतलं जातं. तिचं मुख्यालय बीजिंगला. २०१६ साली सुरू झालेल्या या बँकेत सर्वांत मोठा भाग चीनचा आणि त्याखालोखाल भारताचा. सीमेवर दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी असतानाही ही बँक चालू राहिली. दुसरीकडे, चिनी गुंतवणूक असलेल्या नेपाळी प्रकल्पाची वीज आपण विकत घेत नाही. म्हणजे पैशाला एक नियम, विजेला दुसरा. मला यात विसंगती दिसत नाही, व्यवहार दिसतो. कर्ज एकदा हातात पडलं की देणारा ते ओढून नेऊ शकत नाही. वीज मात्र रोजच्या रोज बंद करता येते.

परदेशी सरकारचा पैसा नगरच्या खेड्यात येणं नवंही नाही. १९९० च्या दशकात संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम चालला. फादर हर्मन बाखर यांनी नेटाने उभा केलेला, जर्मन सरकारच्या केएफडब्ल्यू बँकेचा पैसा नाबार्डमार्फत येणारा. अट अशी होती, गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं आणि चराई-कुऱ्हाडबंदी पाळायची. त्याच केएफडब्ल्यूच्या कर्जातून धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ महानिर्मितीने २०१३ मध्ये १२५ मेगावॉटचं सौर केंद्र उभारलं. नगर तालुक्यातल्या खांडके परिसरातल्या पवनचक्क्या, प्रत्येकी ८०० किलोवॉटच्या त्रेसष्ट, म्हणजे ५०.४ मेगावॉट, याही मूळ जर्मन बनावटीच्याच. पण तिथे सरकार नव्हतं, एक कंपनी दुसऱ्या कंपनीकडून यंत्रं घेत होती. वाऱ्याचं आपल्याकडे एक दुखणं आहे. तो जोरात असतो आषाढ-श्रावणात, जेव्हा पावसामुळे पंप बंद असतात.

तर आता घड्याळ. राज्यात दुपारी बाराला सौर वीज इतकी येऊ लागली की भाव पडतो. संध्याकाळी सातला सूर्य नसतो आणि घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर, टीव्ही एकदम चालू होतात, तेव्हा भाव चढतो. जून २०२३ मध्ये केंद्राने नियमच केला: सौर तासांत वीज दहा ते वीस टक्के स्वस्त, कमाल मागणीच्या तासांत दहा ते वीस टक्के महाग, वेळ मोजणारं मीटर असलेल्यांना. म्हणजे घाटघरने आता मध्यरात्रीऐवजी भर दुपारी पाणी वर चढवायचं आणि दिवेलागणीला सोडायचं. बांधणाऱ्यांच्या मनातही नसलेलं हे काम त्याच यंत्रांना करता येतं. फक्त वेळापत्रक बदलायचं. जपानमध्येही तेच झालं. २०११ च्या फुकुशिमानंतर अणुभट्ट्या थंडावल्या, सौर वाढलं आणि रात्रीचे पंप दुपारचे झाले.

जिथे हे डोंगर नाहीत तिथल्या देशांनी शेजाऱ्याचे डोंगर भाड्याने घेतले आहेत. जर्मनीकडे उत्तर समुद्राचा वारा, नॉर्वेकडे डोंगरातली तळी. दोघांनी मिळून, बराचसा भाग समुद्रतळातून, ६२३ किलोमीटरची, १,४०० मेगावॉटची वाहिनी टाकली आणि २०२१ मध्ये तिचं उद्घाटन झालं. वारा सुटला की वीज उत्तरेला, वारा पडला की दक्षिणेला. पंपही लागत नाहीत. वाऱ्याच्या दिवशी नॉर्वे आपलं पाणी नुसतं राखून ठेवतो. पण मग नॉर्वेतल्या लोकांचं वीजबिल जर्मनीच्या भावाबरोबर चढायला लागलं आणि तो तिथल्या राजकारणाचा प्रश्न झाला. जायकवाडीला पाणी सोडायच्या प्रश्नावर दर दुष्काळात पेटणाऱ्या नगरकराला हे समजावून सांगायला नको. वरच्या धरणवाल्याचं आणि खालच्या तहानलेल्याचं भांडण ऑस्लोतही तसंच असतं.

आपल्या शेजारी भूतानने हे फार आधी केलं. चुखा प्रकल्प, ३३६ मेगावॉट, १९८६ ते १९८८ मध्ये सुरू झाला. साठ टक्के अनुदान, चाळीस टक्के कर्ज, दोन्ही भारताकडून, आणि उरलेली वीज आपणच विकत घ्यायची. बांगलादेशला २०१३ पासून आपल्या जाळ्यातून वीज जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांच्यात करार झाला आणि त्यानंतर नेपाळची चाळीस मेगावॉट वीज भारतीय तारांवरून ढाक्याकडे निघाली. चाळीस म्हणजे काहीच नाही. पण सार्कच्या २०१४ च्या वीज-करारानंतर तिसऱ्या देशाच्या तारांवरून प्रत्यक्ष वीज जायला दहा वर्षं लागली, हे बघता आकड्यापेक्षा वाट पडली हे मोठं.

देशाच्या आतही हे जाळं एका दिवसात झालं नाही. पश्चिम भारताचं जाळं उत्तरेला २००६ मध्ये जोडलं गेलं आणि दक्षिण शेवटी, ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर ते सोलापूर या ७६५ केव्हीच्या वाहिनीने. सोलापूर म्हणजे आपला शेजार. जोडणीचा धोकाही लोकांनी त्याआधीच बघितला होता. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारत अंधारात गेला, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही. पश्चिमेचं जाळं मात्र वेळीच तुटून वेगळं झालं आणि वाचलं. अशा वेळी पाण्यावरची केंद्रं सोन्याच्या मोलाची ठरतात: कोळशाचा थंड संच उभा राहायला तास न् तास लागतात, पाण्याचा संच काही मिनिटांत फिरतो आणि बाकीच्यांना उठवतो.

म्हणून आता सह्याद्रीच्या कड्यावर सगळ्यांची नजर आहे. २०२३ च्या जूनमध्ये केंद्राच्या एनएचपीसी कंपनीने राज्याशी चार ठिकाणांसाठी ७,३५० मेगावॉटचा सामंजस्य करार केला: सावित्री, काळू, केंगाडी, जालोंद. ऑगस्टमध्ये टाटा पॉवरने भिवपुरी आणि शिरवट्यासाठी २,८०० मेगावॉटचा. डिसेंबरात राज्याचं उदंचन धोरण आलं. राज्याची कमाल मागणी तीस हजार मेगावॉटच्या आसपास असताना घाटघरचे अडीचशे हे चहाच्या कपाएवढेच. पण या नव्या यादीतल्या प्रत्येकाला घाटघरचाच धडा गिरवावा लागणार. सामंजस्य करार हा काही करार नव्हे, हे सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत जपानी उद्योगांसाठी राखलेल्या जागेकडे आशेने बघणाऱ्या पारनेरकरालाही कळतं. आणि या वेळी स्पर्धेत लिथियमची बॅटरी आहे. ती दीड-दोन वर्षांत उभी राहते, जंगल मागत नाही, भावही उतरतोय. पण तिचं आयुष्य बारा-पंधरा वर्षं आणि आतले सेल बहुतेक चीनचे. धरण पन्नास वर्षं टिकतं आणि त्याचा दगड-मुरूम इथलाच.

नगरकराला यात एक शंका हमखास येते: घाटघर आपलं पाणी कोकणात नेतं का? नाही. खाली गेलेलं पाणी परत वर येतं. बाष्पीभवनाची घट सोडली तर तेच ते पाणी फिरत राहतं. उलट दुसरी आशाही हमखास येते: मग याच पंपांनी कोकणातलं वाया जाणारं पाणी वर आणून गोदावरीत का सोडत नाहीत? निवडणुकीत हे आश्वासन हटकून ऐकू येतं. हिशेब करून बघा. एक घनमीटर पाणी चारशे मीटर चढवायला सव्वा युनिट. हेक्टरभर उसाला वर्षाला वीस हजार घनमीटर पाणी धरलं तर नुसतं वर चढवायला पंचवीस हजार युनिट. पाच रुपये दराने सव्वा लाख रुपये. तेवढ्यात सरकार तुमचं ते हेक्टर वर्षभर पॅनलसाठी भाड्याने घेतं. पिण्यासाठी, उद्योगासाठी हा खर्च परवडू शकेल. उसाला नाही, आणि हे आश्वासन देणाऱ्यांनाही ते ठाऊक असावं.

राहिला प्रश्न अकोल्याचा. घाटघर, साम्रद, रतनवाडी ही महादेव कोळी आणि ठाकर वस्तीची गावं. खाली शहापूर, जिथली धरणं मुंबईला पाणी पाजतात आणि जिथल्या पाड्यांवर एप्रिलमध्ये टँकर जातो. सौर वाहिनी योजनेत प्रकल्प आलेल्या ग्रामपंचायतीला पहिली तीन वर्षं दरवर्षी पाच लाख रुपये मिळायची तरतूद आहे. साध्या जलविद्युत प्रकल्पातून राज्याला बारा टक्के वीज मोफत द्यावी आणि एक टक्का स्थानिक विकासासाठी काढावा, असं केंद्राचं धोरण २००८ पासून सांगतं. उदंचनाला मात्र एप्रिल २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी मोफत विजेच्या अटीतून सूट दिली. कारण सरळ आहे, हे केंद्र वीज तयारच करत नाही, मग वाटा कशातून द्यायचा? तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण दुपारच्या भावाने घेतलेली वीज संध्याकाळच्या भावाने विकली की मधला फरक हातात राहतो आणि तो फरक कड्याच्या उंचीमुळे राहतो. बऱ्याचशा नव्या प्रकल्पांचे करार अजून कागदावर आहेत. त्या फरकातला काही हिस्सा कड्यावरच्या आणि कड्याखालच्या ग्रामपंचायतींच्या नावे लिहून घ्यायचा असेल तर निविदेच्या अटी ठरायच्या आधी लिहून घ्यावा लागेल. कर्जाच्या कागदावर परदेशी सह्या झाल्या की नवी अट घुसडता येत नाही.